दर वहीमागे तीनशे ग्रॅम

सोमवार, ६ मार्च
नवी नोकरी, नवी रोजनिशी. ही वही रिजेक्ट मालातली आहे. एक कोपरा तिरका कापला गेलाय, म्हणजे हिचा कार्बन शून्य. सुरुवात अशीच हवी.

पद: कार्बन मॅनेजर. चार-पाच महिन्यांच्या बोलीवर, जमलं तर कायम. नोलीन मावशीने दिलं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण आणि या वह्यांच्या कारखान्याची मालकीण. कारखाना कसला, एक शेड. जुन्या सुती चादरी सोड्यात शिजवायची एक काहील, बंद पडलेल्या मोठ्या पेपर मिलमधून आणलेलं छोटं कागदाचं यंत्र, कागद वाळवायचा विजेचा ड्रायर आणि पाच बायका. त्यांची म्होरकी मर्लबाई. वय चौसष्ट. तीस वर्षं मोठ्या मिलमध्ये काढली आणि आता उरलेली माझ्या डोक्यावर काढणार असं दिसतं.

काम सोपं आहे. जंगलखात्याला रेंजरांसाठी तीन हजार वह्या हव्यात. अट एकच, एका वहीमागे तीनशे ग्रॅमच्या आत कार्बन. बेटाच्या राजधानीतून, होबार्टहून, खात्याची टॅम्सिन पाय नावाची मुलगी येऊन मोजून गेली. तीनशे चाळीस. जुलैत परत मोजणार. तोवर उतरला नाही तर ऑर्डर नाही, आणि ऑर्डर नाही तर ख्रिसमसला मावशी शेडला कुलूप लावणार.

चाळीस ग्रॅम! एवढ्यासाठी मॅनेजर? मी शंभर उतरवणार. मावशीला तसं सांगितलं. मावशी म्हणाली, जेथ्रो, बाळा, आधी एक महिना एका जागी टिकून दाखव.

अपमान गिळला.

निश्चय: पहाटे पाचला उठणे. बिअर बंद.

मंगळवार, ७ मार्च. सकाळी ९.४०
उशीर झाला. पहिला दिवस धरत नाहीत.

मर्लबाईंनी न विचारता सल्ला दिला. म्हणे, काहिलीचं झाकण नीट बसवायचं, काहिलीला भोवतीने फेल्ट गुंडाळायचं, बस. गॅस निम्मा लागेल. मग तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या.

फेल्ट म्हणजे मोठ्या मिलच्या यंत्रावरचं जाड लोकरी कापड. झिजलं की कामगार घरी न्यायचे. गावात एक घर असं नाही जिथे ते नाही. पलंगावर, कुत्र्याखाली, घोड्यावर. मी स्वतः त्याच्याखाली झोपतो. म्हणजे पृथ्वी वाचवायची ती गोधडी आणि झाकणाने! मी तीन वर्षं सगळा ऑस्ट्रेलिया पालथा घातला. आंबे तोडले, मोत्यांच्या शेतीवर राबलो, कॉफीचा कोर्स (अर्धा) केला. आणि या बाई गावाबाहेर न जाता मला झाकण शिकवणार.

शांतपणे सांगितलं, मर्लबाई, खरा शत्रू तो ड्रायर आहे. वीज म्हणजे कोळसा. व्हिक्टोरियात राहिलोय मी, वीजघरांच्या चिमण्या या डोळ्यांनी पाहिल्यात. त्या म्हणाल्या, ते समुद्रापलीकडे, पोरा. आपल्या बेटावरची वीज धरणांची. त्यातल्या एका धरणावर माझा बाप सिमेंट ओतत होता.

मी म्हणालो, भावनांनी कार्बन कमी होत नाही.

ड्रायर बंद केला. स्वतःच्या हाताने प्लग काढून खिशात... प्लग खिशात राहत नाही. वायर गुंडाळून ठेवली. फार बरं वाटलं.

शुक्रवार, १० मार्च
कागद वाऱ्यावर वाळवणार! जागा ठरली. आमचं समुद्राकाठचं शॅक, म्हणजे सुट्टीची लाकडी झोपडी, अडतीस किलोमीटर. तिथे असा वारा सुटतो की कोंबडी उडवली तर परत येत नाही. लाकूड नाही, वीज नाही, काही नाही. शुद्ध शून्य. ओले कागद माझ्या पिकअपमधून नेणार. पिकअपचं डिझेल मी मोजत नाही, कारण गाडी माझी स्वतःची आहे, कारखान्याची नाही. हे मला कुणालाही समजावून सांगावं लागू नये.

जाता जाता शेडमागे भिंतीला टेकवलेली एक मोठी गोल स्टीलची थाळी दिसली. बेवारस. कारखान्यात भंगार किती वाया जातं याचा हा पुरावा. शॅकवर नेली. मासे भाजायला याहून चांगलं काही नाही. मधोमध मूठ आहे, ती वाळूत रुतवली की थाळी हलत नाही. जणू त्यासाठीच बनवलीय. कडेला ७ आकडा कोरलेला. माझा लकी नंबर.

संध्याकाळी तिच्यावर फ्लॅटहेड मासा भाजला. थोडी साबणाची चव. बाकी उत्तम. एक बिअर (आनंदाची, मोजायची नाही).

सोमवार, १३ मार्च
कारखान्यात गोंधळ. मर्लबाईंनी शुक्रवारी काहिलीचं झाकण धुऊन वाळत ठेवलं होतं म्हणे, ते नाहीसं झालं. पाचही बायका यंत्र सोडून झाकण शोधतायत. पाऊण तास! डोक्यात तिडीक गेली. रेंजर वह्यांची वाट बघतायत, हवामान पेटलंय आणि इथे झाकण! मला विचारलं, तू पाहिलंस का? मी म्हणालो, मी झाकणं बघायला आलेलो नाही.

बुधवार, २९ मार्च
वाळवण जोरात. आठवड्यातून तीन-चार फेऱ्या. खेकड्यांच्या जाळ्यांचे दोर बांधून चारशे कागद चिमट्यांनी लावले. अप्रतिम दृश्य. चहा करायला आत गेलो. बाहेर आलो तर अडीचशे.

दीडशे कागद समुद्रात. ठीक आहे, कापूसच तो, विरघळेल. पण वाऱ्याची मुजोरी बघा! ज्याच्यासाठी एवढं करायचं तोच उलटतो.

मावशीचा फोन. दीडशे कागद कुठे आहेत? म्हणालो, प्रक्रियेत आहेत.

मंगळवार, ११ एप्रिल
ईस्टरच्या सुट्टीत विचार केला. कापूससुद्धा नको. समुद्री शेवाळाचा कागद! किनाऱ्यावर ढीगच्या ढीग पडलंय. पिकअप भरून शेवाळ आणलं. त्याच वाटेवर एक लाकडी कयाक, वल्ह्याची छोटी होडी, विकाऊ दिसली. दुरुस्त केली तर कागद समुद्रमार्गे आणता येतील, डिझेलही नको. दोन दिवस कयाकवर गेले. ती गळते.

शेवाळ शेडमध्ये ठेवलं होतं. आज दार उघडलं तर वास आणि वासामागे मर्लबाई. म्हणाल्या, या शेडच्या आत काय मेलंय? मी म्हणालो, भविष्य आहे ते. त्या म्हणाल्या, मग भविष्याला खिडकी उघड.

बाकीच्या बायका हसल्या. मी बाहेर जाऊन गाडीत बसलो.

निश्चय: हसणाऱ्यांकडे दुर्लक्ष. पाचला उठणे (परत).

बुधवार, ३ मे
आजचा दिवस लिहून ठेवतो, पुढे कुणी माझ्यावर आरोप केले तर उपयोगी पडेल.

आधी मर्लबाईंनी परत झाकण काढलं. काढलं म्हणजे विषय काढला. काहील उघडी असल्याने उकळायला चाळीस मिनिटांऐवजी दोन तास लागतात, सिलिंडर दीडपट जातायत. नवं झाकण बनवून घ्या. मी म्हणालो, नवं स्टील? स्टीलचा कार्बन माहितीये का तुम्हाला? त्या म्हणाल्या, मग जुनं शोध! मोठ्या मिलच्या सात नंबर लाइनचं आहे ते, मिल बंद झाली त्या दिवशी मी गेटमधून बाहेर लोटत आणलं. वॉचमनने तोंड फिरवलं होतं.

मी घड्याळाकडे बघितलं. भरतीची, म्हणजे मासे गळाला लागायची, वेळ होत आली होती.

तेवढ्यावरून बाई भडकल्या. कधी ओरडत नाहीत, आज ओरडल्या. म्हणाल्या, मोठ्या मिलमध्येही असेच फायली घेतलेले लोक आले होते, गोड बोलणारे. आम्हाला विचारलं नाही कुणी. एका शुक्रवारी साडेतीनला भोंगा झाला आणि सोमवारी झालाच नाही. माझ्या नवऱ्याने त्यानंतर वर्षभर रोज डबा भरला, जेथ्रो. रोज. आणि किचनमध्ये बसून खाल्ला. या शेडला कुलूप लागलं तर मी कुठे डबा घेऊन जाऊ, सांग? तुझं काय, तू जाशील कुठेतरी आंबे तोडायला.

कुणीतरी यंत्र बंद केलेलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्याच डब्यासाठी अडतीस किलोमीटर जातो, अडतीस येतो, हे यांना दिसत नाही. हीच कृतज्ञता.

शॅकवर गेलो. थाळीवर सॉसेज भाजले. नीट गिळवले नाहीत. सोड्यामुळे असेल.

गुरुवार, २५ मे
वॉलबी, म्हणजे इथले छोटे कांगारू, कागद खातात. हे कुठल्याही व्हिडिओत सांगितलेलं नाही. रात्री येऊन खालच्या दोन ओळी साफ. सकाळी एक मादी पोटपिशवीतल्या पिल्लासकट समोर बसून चावत होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की मीच तिच्या घरात शिरलोय.

थाळी काठीने बडवून हाकललं. काय आवाज! चर्चच्या घंटेसारखी घुमते. बहुगुणी वस्तू.

वाळलेल्या कागदांवर खाऱ्या वाऱ्याचं मीठ बसतं. शाई फुटते. मावशीने नमुन्याच्या वहीत नाव लिहून दाखवलं, 'नोलीन'ऐवजी एक निळा ढग. म्हणाली, रेंजर यात काय लिहिणार, हवामान? मी म्हणालो, मीठ नैसर्गिक आहे.

गुरुवार, १५ जून
सतत पाऊस. बारा दिवसांत सूर्य नाही. कागद वाळत नाहीत म्हणून शॅकमधली लाकडाची शेगडी पेटवली. लाकूड नैसर्गिक. लाकूड आणायला पिकअप. पिकअप माझी. हिशोब चोख.

खोलीत ऊब टिकावी म्हणून शॅकच्या भिंतींना फेल्ट लावलं. फरक इतका पडला की विचारू नका! निम्म्या लाकडात खोली तापली. हा शोध माझा आहे, तारीख लिहून ठेवतो. पुढेमागे कारखान्यातही काही उपयोग होईल का ते बघायला हवं.

पाचला उठणे: हिवाळ्यात अंधार असतो, वसंतापासून.

मंगळवार, ४ जुलै
ही सातवी वही. मर्लबाईंनी आज सगळ्यांसमोर विचारलं, पोरा, रेंजरांच्या वह्या तूच भरतोयस का? मी म्हणालो, योजना लिहाव्या लागतात. त्या म्हणाल्या, मनात लिही.

काल कळलं, मी गेलो की बायका ड्रायर चालू करतात! केव्हापासून? मार्चपासून! पाठीमागून! बहुतेक कागद त्यांनी तिथेच वाळवले म्हणून दोन हजार वह्या झाल्या, नाहीतर दोनशे झाल्या असत्या, असं मावशी सरळ तोंडावर म्हणाली. एवढा विश्वासघात! टॅम्सिन पाय आली की सगळं सांगणार. आकडे लपवणाऱ्यातला मी नाही.

बुधवार, १९ जुलै
टॅम्सिन आली. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. चष्मा, गमबूट, बोलणं कमी. बसने आली आणि बसस्टॉपवरून चालत. थोडं नाटकीच वाटलं.

मी लगेच ड्रायरची तक्रार केली. तिने मीटर बघितला, काहीतरी लिहिलं, म्हणाली, बरं. एवढंच. मग गॅसच्या सिलिंडरांपाशी तासभर. मग म्हणाली, कागद वाळायला बाहेर जातात म्हणे, कशाने? मी अभिमानाने पिकअप दाखवली. तिने किलोमीटरचा काटा वाचून उतरवून घेतला. मी म्हणालो, ही कारखान्याची नाही, माझी आहे. ती म्हणाली, हवेला ते माहीत नसतं.

तिचं बोलणं आवडलं नाही. तिला शॅकवर मासे खायला बोलावलं. नाही म्हणाली.

शुक्रवार, २८ जुलै
अहवाल आला.

नऊशे छप्पन्न.

बहुतेक छपाईची चूक.

शनिवार, २९ जुलै
छपाईची चूक नाही. मावशीने फोन करून विचारलं.

मावशीच्या स्वयंपाकघरात अहवाल वाचला. ती ओरडली नाही. ती न ओरडता बटाटे सोलत होती, ते जास्त वाईट. सगळ्यात मोठा आकडा: पिकअप, वहीमागे पाचशे ग्रॅमच्या वर. त्याखाली गॅस, फेब्रुवारीच्या दीडपट. ड्रायरसमोर दोन ग्रॅम. दोन! समोर शेरा, 'जलविद्युत'. मर्लबाईंच्या बापाने ओतलेलं सिमेंट.

शेवटच्या पानावर सूचना. टॅम्सिनने खात्याला विनंती करून अकरा ऑगस्टपर्यंत मुदत घेतलीय, तेव्हा पुन्हा मोजणार. तोवर एक, मॅनेजरची वाहतूक बंद. दोन, काहील फेल्टने झाकणे (ही कल्पना मर्लबाईंच्या नावावर टाकलीय. माझी १५ जूनची नोंद कुणी बघितलेली नाही.) तीन, काहिलीचं मूळ झाकण शोधणे. सोबत तिने फेब्रुवारीत काढलेला फोटो.

फोटोत काहील. काहिलीवर झाकण. मधोमध मूठ. कडेला ७.

मावशी म्हणाली, काय रे, पांढरा का पडलास? म्हणालो, बटाट्याचा वास.

मावशीने पिकअपची किल्ली मागून घेतली आणि पिठाच्या डब्यात टाकली.

रविवार, ३० जुलै
बसने गेलो. शॅकपासून सहा किलोमीटर अलीकडे उतरवते. बाकी चालत. पाऊस आडवा. शॅकचं दार लावायला विसरलो होतो. आत एक वॉलबी मर्लबाईंच्या फेल्टवर झोपलेली. माझ्या फेल्टवर म्हणायचंय.

थाळी वाळूत होती. झाकण वाळूत होतं. वर माशाचे खवले, सॉसेजची चरबी, काठीच्या मारांचे पोचे. समुद्राचं पाणी आणि वाळू घेऊन तासभर घासलं. एका जागी फ्लॅटहेडचा आकार आहे, शेपटीसकट, तो जात नाही.

वजन एकोणीस-वीस किलो तरी असेल. मूठ पाठीशी धरून दोरीने बांधलं. कासवासारखा चाललो. सहा किलोमीटर. चौथ्यात गुडघे बोलायला लागले. संताप कुणाचा करायचा हेच सुचेना. वाऱ्याचा करून बघितला, जमला नाही. मग आठवलं, ही बाई हे असंच ढकलत मिलच्या गेटमधून घेऊन आली होती, त्या शुक्रवारी.

बसच्या ड्रायव्हरने दार उघडलं, बघितलं आणि म्हणाला, ढाल घेऊन कुठल्या लढाईला, राजे? मी म्हणालो, हरून परत चाललोय. त्याने तिकीट मागितलं नाही.

सोमवार, ३१ जुलै
सकाळी साडेसहाला शेडपाशी. (पाचला उठलो! पहिल्यांदा. कुणाला सांगण्यात अर्थ नाही.) बेत असा होता की कुणी यायच्या आत झाकण शेडमागे टेकवून ठेवायचं, जसं होतं तसं. मग कुणालातरी सापडेल.

मर्लबाई आधीच आलेल्या. रोज सहालाच येतात म्हणे. दारात बसून फेल्ट शिवत होत्या. काहिलीला घालायचा अंगरखा. गावातल्या अकरा घरांतून तुकडे गोळा केलेले, एकावर कुत्र्याचे केस.

मी झाकण खाली ठेवलं. त्यांनी बघितलं. वाकून वास घेतला.

फ्लॅटहेड? म्हणाल्या.

मी म्हणालो, हो. आणि सॉसेज.

पाच महिने?

हो.

वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर मीही काहीतरी बोललो असतो, तयारी होती. त्या उठल्या, एका बाजूने झाकण धरलं आणि म्हणाल्या, बघत काय बसलास, मॅनेजर, दुसरी बाजू उचल.

ठेवलं. काहिलीचा आवाज बदलला. इतके महिने खदखदत होती, ती आतल्या आत गुरगुरायला लागली. बेचाळीस मिनिटांत उकळी. मी दोनदा मोजलं.

शुक्रवार, ११ ऑगस्ट
टॅम्सिन येऊन मोजून गेली. पोचे बघून तिने विचारलं, हे कशाने? मर्लबाई म्हणाल्या, वापराने.

दोनशे बहात्तर.

बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, मावशीने डोळे पुसायला रेंजरांचा कागद घेतला. त्यावरची शाई फुटली नाही. मर्लबाईंनी डबा उघडला आणि उभ्या उभ्या सँडविच खाल्लं, सकाळी साडेदहाला. अर्धं मला दिलं.

मी मावशीला विचारलं, कायम नोकरीचं काय? मावशी म्हणाली, आहे की. काहिलीवर माणूस लागणार आहे, तीन हजार वह्या आहेत. मी विचारलं, पद काय लिहायचं? ती म्हणाली, ते तू लिही, तुला आवडतं.

किल्ली अजून पिठात.

सोमवार, १४ ऑगस्ट
पाऊस. चालत आलो.
७.०० झाकण ठेवलं.
७.४२ झाकण उचललं.
७.५० झाकण ठेवलं.